आधी डबी, मग गोळी: खान्देशातील डॉक्टर आणि मेडिकलवाल्यांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि मेडिकल स्टोअर चालवणारे दुकानदार यांस,

स.न.वि.वि.

मी जळगावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचं काम पाहते. तुमच्यापैकी अनेकांशी माझी ओळख रिपोर्टखालच्या सहीपुरतीच आहे. तुम्ही पेशंट पाहता, मी त्याच पेशंटचे जंतू पाहते. तुम्ही लिहिलेल्या किंवा काउंटरवरून दिलेल्या गोळीचं पुढे काय झालं, हे बऱ्याचदा तुमच्याआधी मला कळतं. तुम्हा सगळ्यांना एकेकट्याने भेटणं शक्य नाही आणि रिपोर्टच्या तळाशी दोन ओळींचा शेरा लिहिला तर तो कुणी वाचत नाही, हेही मला ठाऊक आहे. म्हणून हे खुलं पत्र. विषय एकच: बायकांचा लघवीचा संसर्ग आणि त्यावर आपण डोळे झाकून देत असलेली अँटिबायोटिक्स.

ज्यांचा प्लेटशी, म्हणजे जिवाणू वाढवायच्या ताटलीशी, संबंध कॉलेजबरोबरच संपला, त्यांच्यासाठी आधी थोडं आमच्या टेबलावरचं सांगते. लघवीच्या नमुन्यातून आम्ही एका ठरावीक मापाच्या तारेने मिलिलिटरचा हजारावा भाग उचलतो आणि प्लेटवर पसरतो. ३७ अंशांवर रात्रभर ठेवली की सकाळी गुलाबी ठिपके दिसतात. असे शंभर ठिपके म्हणजे एका मिलिलिटरला लाखभर जिवाणू. शंभरातल्या सत्तर-ऐंशी बायकांच्या बाबतीत हा जिवाणू ई. कोलाय असतो, म्हणजे आपल्याच आतड्यात राहणारा. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषाची वीसच्या आसपास. आतड्यातल्या जिवाणूला मूत्राशयापर्यंत पोचायला बाईच्या शरीरात फार प्रवास करावा लागत नाही. निम्म्याहून जास्त बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, त्याचं कारण इतकं साधं आहे. तिच्या स्वच्छतेवर किंवा चारित्र्यावर शंका घेण्याचं काही कारण नाही. सासरी हे ऐकून घ्यावं लागलेल्या मुली आमच्याकडे येतात, म्हणून हे वाक्य मुद्दाम लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याच जिवाणूची दुसरी प्लेट लावायची आणि तिच्यावर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवायच्या. ज्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं ते औषध लागू, जिच्या कडेपर्यंत जिवाणू उगवतात ते निकामी. वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं, तक्ता बघायचा आणि रिपोर्टमध्ये एस (लागू) किंवा आर (निकामी) लिहायचं. सगळं मिळून दोन दिवस.

आता त्या रिपोर्टबद्दल. ॲम्पिसिलिनसमोर आर. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिनसमोर आर. सेफिक्झिमसमोर आर. आणि खाली, बरंच खाली, नायट्रोफ्युरँटॉइनसमोर एस, फॉस्फोमायसिनसमोर एस. हा क्रम आता मला पाठ झाला आहे. हे फक्त आमच्या लॅबचं रडगाणं नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०१३ पासून मोठ्या रुग्णालयांचं जे देखरेखीचं जाळं उभं केलं, त्याचे वार्षिक अहवालही वर्षानुवर्षं याच दिशेने बोट दाखवतात. आणि नमुन्यासोबतच्या फॉर्मवर 'सध्या चालू औषध' या रकान्यात काय असतं? सेफिक्झिम आणि ऑफ्लॉक्सासिनची जोडगोळी. जी दोन औषधं प्लेटवर निकामी ठरली आहेत, तीच दोन एका गोळीत.

या जोडगोळीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. जागतिक आरोग्य संघटना अँटिबायोटिक्सची तीन गटांत विभागणी करते: सर्रास वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. सेफिक्झिम आणि ऑफ्लॉक्सासिन ही दोन्ही जपून वापरायच्या गटातली. दोन्ही एकत्र करून दिलेली गोळी तर त्यांच्या 'शिफारस नसलेल्या' यादीत आहे. तरी आपल्याकडे ती टायफॉइडलाही चालते, जुलाबालाही चालते आणि लघवीच्या आगीलाही चालते. एम.आर. मंडळींनी (औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी) ती टेबलावर ठेवली आणि आपण ती उचलली. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला दोन औषधांची गरज नसते, एकच योग्य औषध पुरतं.

तुम्ही म्हणाल, "मॅडम, पण गोळी दिली की पेशंटला बरं वाटतं." वाटतं, खरं आहे. पण निरोगी, गरोदर नसलेल्या बाईचा मूत्राशयापुरता संसर्ग बऱ्याच वेळा काहीही न देताही काही दिवसांत ओसरतो. त्यातच तिला भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं असतं, लघवी पातळ होते, आग कमी होते. श्रेय मात्र गोळीला जातं आणि पुढच्या वेळी ती बाई थेट मेडिकलवर जाऊन रिकामं पाकीट दाखवते: "हीच द्या."

नुकसान तोवर दुसरीकडे होऊन गेलेलं असतं. प्रतिरोधक जिवाणू मूत्राशयात तयार होतो असा अनेकांचा समज आहे. खरं तर मोठा कारखाना आतड्यात चालतो. गोळी पोटात गेली की आतड्यातले अब्जावधी जिवाणू तिच्या तडाख्यात येतात. साधे मरतात, ज्यांच्याकडे प्रतिकाराची जनुकं आहेत ते उरतात, आणि अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. शिवाय ही जनुकं प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यांवर, बसून एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूकडेही. तिचा पुढचा लघवीचा संसर्ग याच आतड्यातल्या जिवाणूंपासून होणार आहे. म्हणजे खोकल्यासाठी किंवा जुलाबासाठी विनाकारण दिलेली गोळीसुद्धा सहा महिन्यांनी माझ्या प्लेटवर आर होऊन उगवते.

आणि 'कोर्स पूर्ण करा' एवढं सांगितलं की आपली जबाबदारी संपली, असं मला वाटत नाही. नको असताना सुरू केलेला कोर्स पूर्ण केला तर नुकसानही पूर्ण होतं. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला औषधानुसार तीन ते पाच दिवस बहुधा पुरतात. दहा-दहा दिवसांच्या पट्ट्या कशासाठी?

मग द्यायचं काय? नायट्रोफ्युरँटॉइन. १९५३ साली बाजारात आलेलं औषध. माझ्या आईच्या पिढीतलं. ते अजून चालतं याचं कारण त्याच्या साधेपणातच आहे. ते रक्तात आणि इतर अवयवांत फारसं साठत नाही, लघवीत उतरून तिथेच काम करतं. आतड्यातल्या जिवाणूंना त्याचा त्रास कमी. ते जिवाणूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे एखादा बदल करून जिवाणू निसटू शकत नाही. १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणासोबत, पाच दिवस. लघवी गडद पिवळी-तपकिरी होईल हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पेशंट घाबरून दुसऱ्या दिवशी गोळी बंद करतो. दुसरा पर्याय फॉस्फोमायसिन: ३ ग्रॅमची पावडर पाण्यात मिसळून एकदाच.

पण मर्यादा माहीत हव्यात. ताप, थंडी, कमरेच्या वर दुखणं, उलट्या असतील तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आहे, आणि नायट्रोफ्युरँटॉइन तिथे पोचत नाही. मूत्रपिंडाचं काम फार कमी झालेलं असेल तर ते देऊ नये. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात नाही. पुरुषाला, ज्याच्या प्रोस्टेटचा प्रश्न असू शकतो, नाही. अशा पेशंटची कल्चर (वर सांगितलेली प्लेटवरची तपासणी) केल्याशिवाय औषध ठरवूच नये. ताप जास्त असेल तर नमुना घेऊन मगच पहिला डोस द्या, दोन दिवसांनी रिपोर्ट पाहून बदला. पहिल्या डोसनंतर घेतलेल्या नमुन्यात बऱ्याचदा काहीच उगवत नाही आणि मग तुम्ही, पेशंट आणि मी, तिघंही अंधारात.

उपचार चुकले की काय होतं, हे रावेर-यावलकडच्या एखाद्या केळीच्या मळ्यात रोजाने जाणाऱ्या बाईच्या हिशेबाने बघा. मूत्राशयात असताना काही रुपयांच्या गोळीत भागलं असतं. दोनदा जोडगोळी, एकदा 'हाय पॉवर'ची सुई, मग ताप मूत्रपिंडापर्यंत. कल्चरमध्ये ईएसबीएल हे एन्झाइम बनवणारा ई. कोलाय, म्हणजे सेफॅलोस्पोरिन गटातली (सेफिक्झिम त्यातलंच) बहुतेक औषधं फोडून टाकणारा. आता दर आठ तासांनी मेरोपेनेम या जबर अँटिबायोटिकची शिरेतून सुई, ॲडमिट, सोबत एक माणूस, दोघांची मजुरी बुडालेली. पोटाला चिमटा काढून जमवलेले पैसे चार दिवसांत संपतात. आणि मेरोपेनेमलाही न जुमानणारे जिवाणू आपल्या देशात आहेत.

या बायका पाणी का पीत नाहीत, हेही आपण विचारत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी किलोवर मिळते; वाफ्याच्या कडेला आडोसा नाही, शेतात आठ तास, म्हणून सकाळी घरून निघतानाच पाणी बंद. मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हाही तेच. एसटीने जाणारी बाई स्टँडवरच्या मुतारीचं दार बघून परत फिरते. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला: ज्यांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं, त्यांचे वर्षभरातले संसर्ग जवळपास निम्म्यावर आले. औषधाविना. आडोसा बांधणं हे डॉक्टरांचं काम नाही, मान्य. पण चिठ्ठीवर 'पाणी भरपूर' असं खरडण्याआधी तिला तिच्या दिवसाबद्दल एक प्रश्न विचारता येतो.

आता मेडिकलवाल्या दादा-भाऊंसाठी. तुमच्यावर सगळा दोष टाकणं सोपं आहे आणि मी ते करणार नाही. गावात रात्री नऊ वाजता उघडं असलेलं दुकान तुमचंच. तिथेही बाई स्वतः येत नाही; नवऱ्याला नाहीतर मुलाला पाठवते आणि तो 'पोटात गरमी झाली' एवढंच सांगतो. आमच्या काउंटरवर एक आजी मला हळूच म्हणाल्या होत्या, "ताई, आग व्हई ऱ्हायनी, पन डागदरले कसं सांगू?" ही लाज खरी आहे. तरीही कायदा स्पष्ट आहे. शेड्यूल एच-वन, म्हणजे कडक नियमांखाली विकायच्या औषधांची सरकारी यादी, मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्झिम त्यात येतं. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. पाकिटावरची लाल रेघ शोभेसाठी नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिची मोहीमच काढली होती. शेजारचा दुकानदार देतो म्हणून मी देतो, हे उत्तर मला दरवेळी मिळतं. औषध विक्रेत्यांच्या तालुका संघटनांनी एकत्र ठरवलं तर शेजारचाही देणार नाही.

नाही म्हणताना हातात काहीतरी द्यायचं असेल तर निर्जंतुक डबी द्या. लघवीचे नमुने घ्यायच्या डब्या काउंटरवर ठेवा, गोळीच्या पट्टीपेक्षा स्वस्त पडतात. "सकाळी यात घेऊन जवळच्या लॅबमध्ये द्या, मग डॉक्टरांकडे जा" एवढं वाक्य पुरे. ताप किंवा उलट्या असतील, बाई गरोदर असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात पाठवा.

डॉक्टरांसाठी आणखी एक साधी गोष्ट. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना पत्र लिहून अँटिबायोटिक देताना चिठ्ठीवर कारण लिहा असं सांगितलं. खेड्यातल्या दवाखान्यालाही ते जमेल. 'लघवीचा संसर्ग, ५ दिवस' असं लिहिलं की मेडिकलवाल्यालाही कळतं, पुढच्या डॉक्टरलाही कळतं आणि लिहिणाऱ्यालाही क्षणभर थांबावं लागतं.

थांबण्याची गरज दुसऱ्या बाजूनेही आहे. युरिन रुटीनमध्ये (लघवीच्या साध्या तपासणीत) 'पस सेल्स ८-१०', म्हणजे पुवाच्या पेशी, दिसले म्हणून गोळी, हे रोजचं झालं आहे. पांढऱ्या पाण्याचा त्रास असलेल्या बाईच्या नमुन्यात पस सेल्स सहज येतात. आग योनीमार्गाच्या बुरशीचीही असते, विशेषतः मधुमेह असेल तर, आणि तिथे अँटिबायोटिक दिलं तर बुरशी उलट वाढते. कसलाही त्रास नसलेल्या सत्तरीच्या आजींच्या लघवीत जिवाणू सापडले तर उपचार करायचे नसतात. मधुमेह असला तरी नाही, कॅथेटर (लघवीची नळी) असला तरी नाही. पाळी गेलेल्या बायकांना पुन्हा पुन्हा संसर्ग होत असेल तर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम उपयोगी पडतं. ते किती जणींना कुणी सांगतं?

याला मोठा अपवाद गरोदर बाईचा. तिला त्रास नसला तरी लघवीत जिवाणू असतील तर उपचार हवेतच, कारण न केल्यास चारातल्या एकीचा तरी संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो आणि वेळेआधी कळा येण्याची भीती असते. हे रुटीनमध्ये नेहमी कळत नाही. पहिल्या तीन महिन्यांत एक कल्चर करायला हवी. सोनोग्राफी सगळ्यांना आठवते, ही डबी आठवत नाही.

आता माझं खरं मागणं. प्रत्येक पेशंटची कल्चर करा असं मी म्हणत नाही. साध्या, पहिल्यांदाच झालेल्या संसर्गाला अंदाजाने औषध देणं जगभर मान्य आहे. पण तो अंदाज कशाच्या आधारावर? तज्ज्ञांच्या मार्गदर्शनात एक जुना निकष आहे: तुमच्या भागातले वीस टक्क्यांपेक्षा जास्त जिवाणू को-ट्रायमोक्झाझोल या अँटिबायोटिकला दाद देत नसतील, तर ते अंदाजाने देऊ नका. तुमच्या भागातला आकडा किती? चोपड्यातला किती, शिरपुरातला किती, शहाद्यातला किती? दिल्ली-मुंबईच्या रुग्णालयांचे आकडे शहाद्याच्या दवाखान्यात घेऊन बसण्यात फारसा अर्थ नाही.

आकडे आपल्याकडे आहेत. ते आमच्या रजिस्टरांमध्ये आणि कॉम्प्युटरांमध्ये पडून आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे. खाजगी लॅबही आहेत. वर्षातून एकदा सगळ्यांनी लघवीच्या कल्चरचे निकाल एकत्र करावेत. पेशंटचं नाव काढून टाकायचं, एका पेशंटचा त्या वर्षातला पहिलाच जिवाणू मोजायचा, एका जातीचे किमान तीस नमुने असल्याशिवाय टक्केवारी काढायची नाही, दवाखान्यातले आणि ॲडमिट पेशंट वेगळे दाखवायचे. निघेल ते एका पानावर छापायचं आणि प्रत्येक दवाखान्यात कॅलेंडरशेजारी चिकटवायचं. याला अँटिबायोग्राम म्हणतात आणि त्याला वेगळं यंत्र लागत नाही.

एक सावधगिरी आधीच सांगते, नाहीतर पहिल्याच वर्षी कुणीतरी हे पान फाडेल. आमच्याकडे नमुना येतो तो दोन-तीन औषधं फसल्यावर. त्यामुळे आमचे आकडे गावातल्या सरासरी बाईपेक्षा जास्त भयंकर दिसणार. म्हणूनच म्हणते, काही महिने तरी पहिल्यांदा आलेल्या पेशंटचेही नमुने पाठवा, औषध सुरू करण्याआधीचे. सगळे नको, जेवढे जमतील तेवढे.

धडगाव-अक्कलकुव्याकडचे डॉक्टर हसतील याची मला कल्पना आहे. सातपुड्यातून नमुना नंदुरबारला पोचेपर्यंत त्यात काय काय वाढलेलं असेल! साध्या तापमानाला दोन तास, त्यानंतर आकडा खोटा. पण बोरिक ॲसिड असलेल्या नळीत तोच नमुना दिवसभर टिकतो, आणि चार अंशांच्या फ्रीजमध्येही. लसींसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आइस पॅक आणि थंड पेट्या आहेतच. नमुन्यांसाठी त्याच धर्तीवर वेगळी पेटी ठेवता येईल. जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांनी एवढी सोय करावी, हे मागणं त्यांच्यासाठी.

 

मला माहीत आहे, दवाखान्याबाहेर पन्नास पेशंट बसलेले असताना हे सगळं अवघड आहे. अँटिबायोग्रामच्या कामासाठी आमच्या लॅबचे गेल्या वर्षीचे निकाल, नावं काढून, द्यायची माझी तयारी आहे. तिन्ही जिल्ह्यांतल्या डॉक्टर संघटनांपैकी कुणीतरी पहिली बैठक बोलवावी.

आपली नम्र,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, जळगाव

ता.क. : नमुना सरबताच्या किंवा औषधाच्या धुतलेल्या बाटलीत आणू देऊ नका, डेटॉलने धुतलेल्या तर मुळीच नाही. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवायचा, पहिली धार सोडायची, मधली धार डबीत घ्यायची. आणि फॉर्मवरचा 'चालू औषध' हा रकाना रिकामा सोडू नका. काही चालू नसेल तर 'नाही' लिहा.